सॅम्पल केलेल्या ऑर्गनवर ब्राह्म्स: भांडण भलत्याच मुद्द्यावर

पाइप ऑर्गन वाजवणाऱ्यांच्या जगात गेली वीसेक वर्षं एक वाद चालू आहे आणि तो दिवसेंदिवस बेचव होत चालला आहे. एखाद्या जुन्या चर्चमधल्या ऑर्गनचा एकेक पाइप वेगळा ध्वनिमुद्रित करायचा, ती हजारो मुद्रणं (सॅम्पल; एका ऑर्गनची मिळून एक ‘संच’) संगणकात भरायची आणि घरातल्या किंवा लहान चर्चमधल्या कळफलकावरून ती वाजवायची. असं वाजवलेलं ब्राह्म्स किंवा रेगर या जर्मन रचनाकारांचं कोराल प्रिल्यूड ‘सादर झालं’ असं म्हणायचं का? एक बाजू म्हणते, ही नक्कल आहे, तिच्यात प्राण नाही. दुसरी म्हणते, डोळे मिटून ऐका आणि फरक ओळखून दाखवा. प्राण म्हणजे नेमकं काय, हे पहिली बाजू कधी सांगत नाही. ओळखता आलं नाही की दोन गोष्टी सारख्याच, हे दुसरी बाजू गृहीत धरून बसते. दोघींचंही बोलणं संगीतापर्यंत पोचतच नाही.

माझी भूमिका आधीच सांगतो. रोमँटिक काळातल्या कोराल प्रिल्यूडसाठी सॅम्पल केलेला ऑर्गन हे रास्त वाद्य आहे, बाखच्या संगीतासाठी आहे त्यापेक्षा कितीतरी अधिक. त्याची उणीव आहे ती हवेत आणि जागेत, ‘प्राणा’त नाही. ही उणीव मोजता येते आणि बऱ्याच अंशी भरून काढता येते. ती भरून न काढता जे वाजवतात, ते विरोधकांच्या हाती आयतं कोलीत देतात. आणि ज्या चर्चमध्ये दुरुस्त होण्याजोगा पाइप ऑर्गन उभा आहे, तिथे तो काढून हे बसवावं का, हा निराळा प्रश्न आहे. त्याचं उत्तर ‘नाही’ असंच द्यावं लागेल.

कोराल म्हणजे लूथरपंथी मंडळीनं उपासनेत मिळून गायचं गीत. गायला सुरुवात होण्याआधी ऑर्गनवादक त्याच चालीवर बांधलेली छोटी रचना वाजवतो, ती कोराल प्रिल्यूड. मंडळीला सूर मिळावा, चाल आठवावी, शब्दांचा भाव मनात उतरावा, एवढंच तिचं मूळ काम. ओळखीचा अभंग नुसत्या बासरीवर ऐकताना शब्द जसे आपोआप मनात चालू लागतात, तसंच इथे ऐकणाऱ्याचं होतं. एकोणिसाव्या शतकात हा प्रकार उपासनेच्या चौकटीतून अर्धा बाहेर आला आणि खाजगी झाला. १८९६च्या मे महिन्यात पियानोवादक क्लारा शूमान, ब्राह्म्सची आयुष्यभराची मैत्रीण, गेली. त्याच उन्हाळ्यात बाड इशलला ६३ वर्षांच्या ब्राह्म्सनं अकरा प्रिल्यूड्स लिहून काढली. पुढच्या एप्रिलमध्ये तोही गेला आणि १९०२ साली ती ऑपस १२२ म्हणून छापली गेली. त्याच सुमारास माक्स रेगरची ५२ प्रिल्यूड्स ऑपस ६७ म्हणून आली (रेगर जन्मानं कॅथलिक आणि चाली लूथरपंथीयांच्या, ही त्यातली गंमत), आणि १९१४ मध्ये ऑपस १३५अ ची ३० लहान प्रिल्यूड्स. कार्ग-एलर्टची ६६, म्हणजे ऑपस ६५, १९०९ च्या आसपासची. इंग्लंडात पॅरीनं १९१२ आणि १९१६ मध्ये सात-सातचे दोन संच काढले. या सगळ्या रचना एका विशिष्ट वाद्यासाठी आहेत: आठ फुटी स्टॉपांची (स्टॉप म्हणजे एकाच रंगाच्या पाइपांची रांग; आठ फुटी लिहिल्याच सप्तकात बोलते, सोळा फुटी एक सप्तक खाली, चार फुटी एक सप्तक वर) दाट गर्दी असलेला, पायानं फुगवता-विझवता येणारा, सावलीसारख्या मंद आवाजापासून भिंती हलवणाऱ्या गर्जनेपर्यंत जाणारा ऑर्गन.

आता डोळे मिटून ओळखण्याची गोष्ट. हा डाव जुना आहे. १९३५ मध्ये हॅमंड कंपनीनं विजेवर चालणारं वाद्य बाजारात आणलं आणि त्याला ‘ऑर्गन’ म्हटलं. पाइप ऑर्गन बांधणारे चिडले, प्रकरण अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनपुढे गेलं. शिकागो विद्यापीठाच्या रॉकफेलर चॅपेलमध्ये तिथला स्किनर कंपनीचा पाइप ऑर्गन आणि हॅमंड आळीपाळीनं वाजवून श्रोत्यांना ओळखायला लावलं. श्रोत्यांत जाणकार संगीतकारही होते आणि तेही अनेकदा चुकले. शेवटी आयोगानं ‘ऑर्गन’ हा शब्द वापरू दिला, पण पाइप ऑर्गनची बरोबरी साधल्याची जाहिरात करायला बंदी घातली. आज हॅमंडचा आवाज ऐकून त्याला स्किनरचा ऑर्गन समजेल असा एकही गंभीर श्रोता सापडणार नाही. हॅमंडनं तर पुढे जॅझ आणि गॉस्पेलमध्ये स्वतःचं घर केलं. मग १९३७च्या त्या चाचणीनं काय सिद्ध केलं? इतकंच, की नव्या आवाजाशी कानांची ओळख व्हायला वेळ लागतो. कान शिकतात. आजच्या सॅम्पलांच्या बाबतीतही ते शिकतील. सतत ऐकणाऱ्यांना एका विशिष्ट संचातल्या एका विशिष्ट पाइपचं लूप (स्वर लांबवण्यासाठी पुन्हापुन्हा फिरवलेला मुद्रणाचा तुकडा) कुठे जोडलं आहे, हे आत्ताच ओळखू येतं. त्यामुळे ‘ओळखून दाखवा’ हा युक्तिवाद ज्या दिवशी जिंकतो त्या दिवसापुरताच जिंकतो. सॅम्पल्ड ऑर्गनच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी तो सोडून द्यावा, त्याहून चांगले मुद्दे हाताशी आहेत.

त्यातला पहिला मुद्दा म्हणजे रोमँटिक ऑर्गन स्वतःच एक यंत्र होता. जुन्या यांत्रिक ऑर्गनमध्ये पट्टी दाबली की लाकडी पट्ट्यांच्या आणि तारांच्या साखळीनं पाइपखालची झडप उघडते. बोटानं ती हळू उघडली की झटकन, हे थोडंफार बोटाच्या ताब्यात असतं. बाख वाजवणारे या ताब्यासाठी जीव टाकतात आणि त्यात तथ्य आहे. पण ऑर्गन बांधणाऱ्या विल्हेल्म झाउअरसारख्या जर्मन कारागिरांनी १८९० नंतर न्यूमॅटिक पद्धत घेतली. त्यात पट्टी दाबली की एक बारीक झडप उघडते, अरुंद नळीतून हवा जाते, चामड्याचा लहानसा फुगा हलतो आणि मग पाइप बोलतो. बोट आणि पाइप यांच्यामध्ये हवेचा एक निरोप्या आला. बोट हळू गेलं काय नि जोरात गेलं काय, निरोप तोच पोचतो, आणि तोही किंचित उशिरा. फ्रान्समध्ये काव्हाये-कॉलनं सँ-दनीच्या ऑर्गनमध्ये १८४१ सालीच बार्करचा हवेचा तरफ बसवून बोटाचं ओझं भात्यावर टाकलं होतं. म्हणजे ‘सॅम्पल्ड ऑर्गनमध्ये बोटाचा स्पर्श पाइपपर्यंत जात नाही’ हा आक्षेप बाखसाठी वजनदार आहे, रेगरसाठी नाही. रेगरच्या समोर जो ऑर्गन होता त्यातही तो जात नव्हता.

आणि ‘यंत्र, निर्जीव’ ही शिवी तरी नवी कुठे आहे? ती याच रोमँटिक ऑर्गनांना दिली गेली होती. १९०६ मध्ये आल्बर्ट श्वाइट्झरनं जर्मन आणि फ्रेंच ऑर्गनांची तुलना करणारी पुस्तिका लिहून कारखान्यातून निघणाऱ्या ऑर्गनांवर टीका केली. १९२१ मध्ये फ्रायबुर्गला सतराव्या शतकातल्या वर्णनावरून एक ऑर्गन बांधला गेला आणि ‘परत बारोककडे’ या चळवळीनं जोर धरला. पुढच्या काही दशकांत जर्मनीतल्या असंख्य रोमँटिक ऑर्गनांमधले गांबे, एओलिने, सालित्सिओनाल हे तंतुवाद्यांसारख्या आवाजाचे स्टॉप काढून त्यांच्या जागी किंचाळणारे उंच मिक्स्चर (एका पट्टीवर अनेक तार पाइप बोलवणारे स्टॉप) बसवण्यात आले. लाइप्झिगच्या थॉमसकिर्शमधला झाउअर १८८९ साली ६३ स्टॉपांचा होता, १९०८ मध्ये तो ८८ स्टॉपांचा झाला; त्यातही विसाव्या शतकात फेरफार झाले आणि शतकाच्या शेवटी तो पुन्हा मूळ रूपाकडे आणावा लागला. १९१७च्या युद्धात जर्मन सरकारनं दर्शनी भागातले कथलाचे पाइप उपसून नेले ते वेगळंच. ज्या पाइपांना एके काळी ‘कारखान्याचा माल’ म्हणून हिणवलं, तेच पाइप आज ‘प्राण’ या शब्दाचं प्रमाण म्हणून पुढे केले जातात. मग प्राण पाइपात होता, की ऐकणाऱ्यांच्या फॅशनमध्ये?

रेगरचं स्वतःचं उदाहरण तर फार बोलकं आहे. १९१३ मध्ये त्यानं वेल्टे कंपनीच्या फिलहार्मोनिक ऑर्गनवर भोकं पाडलेल्या कागदी रिळांसाठी वादन केलं; त्यात ऑपस ६७ मधली काही प्रिल्यूड्सही आहेत. स्वित्झर्लंडमधल्या झेवेन इथल्या संग्रहालयात तशा ऑर्गनवर ती रिळं आजही वाजतात. तिथे हात मुद्रित आहेत आणि हवा खरी आहे. सॅम्पल्ड ऑर्गनमध्ये नेमकं उलट: हवा मुद्रित, हात खरे. पहिल्याला ‘रेगरचं वादन’ म्हणायला कुणाचीच ना नाही. मग दुसऱ्याला वादन म्हणायला एवढं बिचकायचं कारण काय? सादरीकरण म्हणजे निर्णय: कुठे थांबायचं, कुठला स्वर किंचित लांबवायचा, कुठे पाइपांभोवतीच्या पेटीच्या झडपा मिटून आवाज मंद करायचा. हे निर्णय त्या क्षणी होत असतील तर सादरीकरण होतं आहे.

इथपर्यंत माझी बाजू सोपी आहे. विरोधकांकडे तीन मुद्दे मात्र असे आहेत की ते हसण्यावारी नेता येत नाहीत.

पहिला हवेचा. खऱ्या ऑर्गनमध्ये सगळे पाइप एकाच भात्यातून श्वास घेतात. दाट सुरावट दाबली, त्यात पेडलचा (पायानं वाजवायच्या पट्ट्यांचा) सोळा फुटी मोठा पाइप बोलला, की दाब क्षणभर बसतो आणि सगळा ऑर्गन किंचित हेलकावतो. सॅम्पल घेताना मात्र प्रत्येक पाइप एकटा, भरपूर हवेवर वाजवलेला असतो. चाळीस पाइप एकदम लावले तरी प्रत्येक जण जणू एकट्यासाठीच भाता असल्यासारखा गातो. परिणाम? रेगरच्या शेवटच्या सुरावटी चकचकीत, ताठ आणि थकवणाऱ्या वाटतात. असे संच वाजवणाऱ्या हॉप्टवर्क या सॉफ्टवेअरमध्ये भात्याचं गणिती प्रतिरूप आहे, ते दाबाबरोबर प्रत्येक पाइपचा सूर, जोर आणि रंग हलवतं; पण संच बनवणाऱ्यानं त्यासाठी माहिती नीट भरलेली असावी लागते, आणि पुष्कळ संचांमध्ये ती ढोबळ असते किंवा नसतेच. ऐकून ठरवावं: पेडलचा मोठा पाइप धरून ठेवून वर एका मंद बासरीचा स्वर लांबवा. बासरी जराही हलत नसेल तर भाता नावापुरताच आहे.

दुसरा मुद्दा पुनरावृत्तीचा. तोच पाइप पुन्हा वाजवला की तंतोतंत तोच ध्वनी येतो. ब्राह्म्सच्या अकरामधलं दहावं प्रिल्यूड, ‘हेर्त्सलिश टुट मिश फेरलांगन’, घ्या. वर सोळांशांची विणकाम केल्यासारखी हालचाल, खाली डाव्या हातात त्याच स्वराचे नाडीसारखे ठोके आणि चाल पेडलमध्ये. त्या ठोक्यांत प्रत्येक वेळी पाइपच्या तोंडाची एकच एक ‘फट्’ ऐकू आली की नाडीचं घड्याळ होतं. वर, प्रत्येक ठोका सुटताना चर्चच्या घुमण्याची शेपटी त्याला जोडली जाते; पाच सेकंदांच्या दहा शेपट्या एकावर एक चढल्या की चिखल होतो. पट्टी किती वेळ धरली होती त्यावरून आखूड, मध्यम आणि लांब असे वेगवेगळे शेवट ज्या संचात मुद्रित केले आहेत, तोच संच इथे घ्यावा. एकच लांब शेवट असलेला संच कितीही देखणा असला तरी या रचनेसाठी टाळावा. ठोक्यांसाठी तोंडाचा आवाज कमी असलेला गेडाक्ट (वरून बंद पाइपांचा मऊ स्टॉप) वापरावा, मुख्य प्रिन्सिपाल (ऑर्गनचा भरदार पायाभूत स्टॉप) नव्हे.

याच रचनेत एक चूक इतकी सर्रास होते की सांगायलाच हवी. ब्राह्म्सनं पेडलला आठ फुटी स्टॉप लिहिला आहे. आभासी ऑर्गनच्या तयार मांडणीत पेडलला सोळा फुटी सुब्बास (खोल, मऊ स्टॉप) आधीच ओढलेला असू शकतो. तो काढायला विसरलं की चाल एक सप्तक खाली जाते, डाव्या हाताच्या खऱ्या खर्जाच्याही खाली घुसते आणि सगळी सुसंवादिता उलटीपालटी होते. ऐकणारा म्हणतो, ‘डिजिटल आहे, गढूळ वाजतं.’ दोष डिजिटलचा नसतो, न काढलेल्या सुब्बासचा असतो.

तिसरा आणि सगळ्यात भारी मुद्दा जागेचा. ऑर्गनचं निम्मं शरीर म्हणजे इमारत. सॅम्पलमध्ये इमारत येते, पण ती मायक्रोफोन जिथे ठेवला तिथून दिसणारी. अकरावं प्रिल्यूड, ‘ओ वेल्ट, इश मुस दिश लासन’, बघा: प्रत्येक ओळीच्या शेवटी ब्राह्म्स तेच स्वर आधी मोठ्यानं, मग हळू, मग अगदी हळू असे दोनदा प्रतिध्वनित करतो. खऱ्या रोमँटिक ऑर्गनमध्ये तिसऱ्या कळफलकाचे पाइप मागे, लाकडी झडपांच्या पेटीत असतात. प्रतिध्वनी नुसता हळू नसतो, तो दुरून येतो. ‘कोरड्या’ (इमारतीचं घुमणं न घेता मुद्रित केलेल्या) सॅम्पलांवर वरून कृत्रिम घुमणं चढवलं की सगळे विभाग एकाच भिंतीला चिकटतात आणि प्रतिध्वनी म्हणजे फक्त आवाजाचं बटण खाली केल्यासारखं होतं. पेटीच्या झडपांचंही तेच: झडपा मिटल्या की आवाज घटतोच, पण वरचे स्वरांश जास्त गिळले जातात. हे गाळणं नसलेल्या संचावर पेटी मिटणं निष्फळ ठरतं. उलट, ‘ओला’ (इमारतीच्या घुमण्यासकट मुद्रित केलेला) संच स्वतःचं घुमणं असलेल्या दगडी चर्चमध्ये स्पीकरवर वाजवला की एका इमारतीत दुसरी इमारत उभी राहते आणि काहीच स्पष्ट ऐकू येत नाही. ढोबळ नियम असा: घरी आणि हेडफोनवर ओला, घुमणाऱ्या जागेत कोरडा, आणि मधल्या प्रकारच्या सभागृहात जवळच्या मायक्रोफोनचे चॅनेल वर ठेवून मागचे निम्म्याहून कमी.

हे तिन्ही आक्षेप मान्य करूनही माझं मत बदलत नाही, कारण त्यांतला एकही आक्षेप ‘वाजवू नका’ असं सांगत नाही. ‘असं वाजवू नका’ एवढंच सांगतो. काही आक्षेप तर चुकीच्या जागी केले जातात. उदाहरणार्थ, उशीर. ‘पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येतो’ ही तक्रार नेहमीची. ४८ किलोहर्ट्झवर २५६ नमुन्यांचा बफर (आवाज बाहेर सोडण्याआधी संगणक जमवतो तो साठा) म्हणजे सव्वापाच मिलिसेकंद. १०२४ चा घेतला तर एकवीस. पाइप वादकापासून दहा मीटरवर असतील तर आवाज पोचायलाच एकोणतीस मिलिसेकंद लागतात, न्यूमॅटिक यंत्रणेचा उशीर त्याच्यावर. मोठ्या चर्चचे वादक याहून दुप्पट उशिरावर आयुष्यभर वाजवतात. तक्रार बहुतेकदा खरी असते ती तुटण्याची: संगणकाची मेमरी कमी पडली, रेगरच्या शेवटच्या पानावर शेकडो आवाज एकदम जिवंत झाले, आणि सॉफ्टवेअरनं जुन्या शेपट्या मधूनच कापल्या. मोठ्या रोमँटिक संचाला ३२ जीबी मेमरी किमान समजावी, ६४ असेल तर निवांत. कमी असेल तर न लागणारे स्टॉप आणि मागचे चॅनेल भरूच नयेत; मुद्रणांचे बिट, म्हणजे बारकावा, कमी करण्यापेक्षा हे बरं.

कारण रोमँटिक संगीतात सगळ्यात नाजूक मामला मंद स्टॉपांचा आहे. एओलिनेचा पाइप इतका हळू बोलतो की मुद्रणात पंख्याची घरघर त्याच्या अगदी जवळ असते. एका पाइपपुरती ती कळत नाही. पण दहा बोटं आणि चार स्टॉप म्हणजे चाळीस मुद्रणं, आणि चाळीस घरघरी मिळून सुमारे सोळा डेसिबलनं वाढतात. म्हणून बनवणारे ती गाळतात, आणि जास्त गाळलं की तोंडाजवळचा श्वासही जातो. स्टॉप प्लॅस्टिकचा वाटू लागतो. संच विकत घेताना लोक आधी गर्जना ऐकतात. आधी एकट्या एओलिनेच्या चार स्वरांची सुरावट लावून तीस सेकंद धरून ठेवावी. ती ऐकवत नसेल तर ब्राह्म्स त्या संचावर होणार नाही. शिवाय आपल्याकडे खोलीतला पंखा चालू असतोच. गर्जना सोसवेल एवढा आवाज ठेवला तर एओलिने त्या पंख्याखाली गडप होते. रेगरच्या चार पी ते चार एफ (अतिमंद ते अतिमोठा) या पल्ल्याचं घरात काय करायचं, याला प्रामाणिक उत्तर एकच: ऑपस ५२ च्या कोराल फँटसिया घरच्या दोन स्पीकरवर करू नयेत. बत्तीस फुटी पाइपाचा सगळ्यात खालचा स्वर सोळा हर्ट्झचा असतो, तो कानापेक्षा फरशीतून कळतो, आणि साधा सबवूफर त्याच्या जागी नुसती गुरगुर करतो. ब्राह्म्सला सोळा फुटी, म्हणजे तेहेतीस हर्ट्झ, पुरतं. ऑपस १२२ आणि १३५अ ही घरात आणि लहान चर्चमध्ये चांगली होतात. हा भेद दोन्ही पक्षांपैकी कुणीच करत नाही.

रेगरसाठी आणखी एक अडचण पायातल्या रुळाची. जर्मन ऑर्गनात पायानं रूळ फिरवला की कारागिरानं ठरवलेल्या क्रमानं एकेक स्टॉप भर घालत जातो. आभासी ऑर्गनात हे काम साध्या एक्स्प्रेशन पेडलला देतात. त्यातून ० ते १२७ असे आकडे येतात. तीस पायऱ्या ठेवल्या तर एका पायरीला जेमतेम चार आकडे. आतला पोटेन्शियोमीटर झिजला की पाय स्थिर असतानाही आकडा थरथरतो आणि पायरीच्या काठावर एखादी ट्रॉम्पेट चालू-बंद-चालू होत राहते. चढतानाचा आणि उतरतानाचा उंबरठा दोन-तीन आकड्यांनी वेगळा ठेवला की हे थांबतं. क्रम लावताना आधी सगळे आठ फुटी, मग चार फुटी, मग मिक्स्चर आणि ट्रॉम्पेटसारखे रीड शेवटी. बारोक सवयीनं मिक्स्चर लवकर आणलं की रेगर कर्कश होतो. आणि रियाज कोरड्या आवाजावरच करावा. ओल्या संचात पाच सेकंदांचं घुमणं दोन स्वरांमधली फट झाकतं. बोटं न सरकवता, नुसतं उचलून टाकूनही लेगाटो (स्वर एकमेकांना जोडून वाजवणं) झाल्यासारखं वाटतं. खऱ्या ऑर्गनसमोर बसल्यावर हे पितळ उघडं पडतं.

आता ‘मग खऱ्याच ऑर्गनवर का वाजवू नये’ या प्रश्नाकडे. जरूर वाजवावं, मिळाला तर. मुंबईत सेंट थॉमस कथीड्रल आणि होली नेम कथीड्रलमध्ये पाइप ऑर्गन आहेत. पण समुद्राकाठची दमट हवा लाकूड फुगवते, चामडं सडवते, आणि झाउअर किंवा लाडेगास्ट या जर्मन कारागिरांच्या ऑर्गनांचा रंग तिथे मागणं हा त्या वाद्यांवरच अन्याय. जर्मनीतसुद्धा चळवळीनं बदललेल्या ऑर्गनवर शिकणाऱ्या विद्यार्थ्याला एओलिने मिळेलच असं नाही. नेदरलँड्समधल्या डूसबर्गच्या मार्टिनीकेर्क चर्चमधला वाल्कर कंपनीचा १९१६चा ऑर्गन मुळात रॉटरडॅमसाठी बांधलेला. तो सॅम्पल संचातून आज पुण्यातल्या किंवा पणजीतल्या खोलीत अभ्यासता येतो. याला पर्याय काय? या रचना पियानोवर वाजवणं, किंवा न वाजवणं.

आपल्याला या वादाची ओळख असायला हवी, कारण आपण त्याचा एक प्रयोग आधीच केला आहे. आपली पेटी, म्हणजे हार्मोनियम, सूर स्थिर ठेवते, मींड काढत नाही, श्रुती सोडून देते, हे आक्षेप अगदी खरे होते. रवींद्रनाथांनाही पेटी नकोशी होती. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. आक्षेप खरे, निष्कर्ष चुकीचा. गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, तुळशीदास बोरकर यांनी बंदीच्या आधी, बंदीत आणि नंतर पेटीच्या मर्यादांतूनच तिचं वादन घडवलं. संगीत नाटकातला आपला ‘ऑर्गन’, म्हणजे पायपेटी, याच रीडच्या कुळातला. आणि रोमँटिक कोराल प्रिल्यूडचा एक मोठा रचनाकार कार्ग-एलर्ट याच कुळातल्या युरोपीय कुन्स्टहार्मोनियमसाठी मनापासून लिहीत होता. पाइप नसलेल्या वाद्याला ऑर्गनवादकांनी दारात उभं करू नये, असं त्याला नक्कीच वाटलं नसतं.

उरला बदलीचा प्रश्न. न्यूयॉर्कच्या ट्रिनिटी चर्चचा पाइप ऑर्गन २००१च्या सप्टेंबरमधल्या हल्ल्यानंतरच्या धुळीनं निकामी झाला. २००३ मध्ये तिथे मार्शल अँड ओगलट्री कंपनीचा उत्तम प्रतीचा डिजिटल ऑर्गन आला, आणि त्यानं वर्षानुवर्षं काम केलं. तरी पुढे त्या चर्चनं पुन्हा पाइपांचाच ऑर्गन बांधून घेतला. विरोधक हे उदाहरण विजयी मुद्रेनं सांगतात आणि इथे ते बरोबर आहेत. रोज शेकडो माणसं गाणाऱ्या जागेत त्यांच्या छातीतली हवा आणि पाइपातली हवा एकाच खोलीत हलावी लागते; स्पीकर तिथे मागे पडतो. शिवाय आयुष्याचा हिशेब आहे. चांगला पाइप ऑर्गन दर काही दशकांनी चामडं बदलून शंभर-दीडशे वर्षं जातो. हॉप्टवर्क पाचव्या आवृत्तीपासून परवान्यासाठी आयलॉक या डिजिटल कुलपावर अवलंबून आहे आणि कुलूपबंद संच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत नाहीत. ज्या चर्चला पर्यायच नाही, त्यानं निदान ग्रँडऑर्गसारख्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये चालणारे, कुलूप नसलेले संच घ्यावेत आणि मूळ फायली दोन ठिकाणी ठेवाव्यात.

आणि सादर करणाऱ्यांनी एक करावं. १९३८ च्या आयोगाचा निवाडा आजही लागू पडतो: ऑर्गन म्हणा, पण बरोबरीचा दावा करू नका. कार्यक्रमपत्रिकेत रचनेच्या नावाखाली कुठल्या चर्चचा कुठला ऑर्गन, कुणी बांधला आणि कधी, संच कुणी मुद्रित केला, ओला की कोरडा, किती चॅनेल आणि किती स्पीकर, हे दोन ओळींत छापावं. ‘पाइप ऑर्गन मैफल’ असं फलकावर लावून पडद्यामागे स्पीकर लपवणं बंद करावं. स्पीकर समोर, उघड्यावर ठेवावेत.